इन्सेंटिव्ह सुरू केला, दोन महिने चालला आणि मग बसला: असं का होतं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर कळेल. भोसरीत सीएनसी (संगणकाच्या प्रोग्रामवर चालणाऱ्या) मशीनचं शॉप, पंचेचाळीसेक माणसं, गाड्यांचे पार्ट. पाळीला 180 नगांचं टार्गेट होतं. त्यावरच्या प्रत्येक नगाला 3 रुपये इन्सेंटिव्ह लावला. चांगले ऑपरेटर दोन महिने 215 पर्यंत गेले, म्हणून तुम्ही टार्गेट 210 केलं. आता बहुतेक जण 185 वर थांबलेत, नवी दोन-तीन पोरं 210 च्या मागे धावतात, रिजेक्शन (नापास नग) वाढलंय आणि दोन जुने ऑपरेटर शेजारच्या कंपनीत गेले. सुपरवायझर म्हणतो माणसं माजलीत, तुमचे धाकटे भाऊ म्हणतात सांभाळून घ्या. आणि तुम्ही विचारताय: कडक राहू की मवाळ, इन्सेंटिव्ह वाढवू की बंद करू?

मी आधी शॉप फ्लोअरवर, नंतर प्लँट हेड म्हणून आणि आता छोट्या-मध्यम कारखान्यांना सल्ला देत हेच बघत आलोय. माझ्या मते तुमचे दोन्ही प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतात. कडक-मवाळ हा स्वभावाचा भाग झाला. तुमच्याकडे बिघडलंय ते वेगळंच: जास्त काम केलं तर माणसाच्या हातात काय पडणार हे त्याला आधी कळत नाही, आणि जे पडतं ते त्याच्या कामापेक्षा सुपरवायझरच्या मर्जीवर जास्त ठरतं.

टार्गेटपासून सुरू करू. तुम्ही सायकल टाइम, म्हणजे मशीनला एक नग कापायला लागणारा वेळ, 95 सेकंद लिहिलाय. जॉब (नग) काढणं, फिक्श्चर (जॉब पकडणारा साचा) साफ करणं, नवा जॉब लावणं याला 20 सेकंद धरा. म्हणजे नगाला 115 सेकंद. आठ तासांच्या पाळीतून जेवणाचा अर्धा तास आणि दोन चहाचे वीस मिनिटं वजा केली की 430 मिनिटं उरतात. मशीन एक क्षणही थांबलं नाही तरी त्यात 224 नग होतात, त्यापुढे नाही. 180 नगांना 345 मिनिटं लागतात. सेटिंग (नव्या कामासाठी मशीन मांडणं), इन्सर्ट (कापणारी धार) बदलणं, पहिला नग तपासून घेणं, मालाची वाट बघणं यासाठी 85 मिनिटं राहतात. 210 ला उरतात 27 मिनिटं. एका मोठ्या सेटिंगलाही ती पुरत नाहीत.

मग 215 निघाले कसे? बहुतेक चहाच्या वेळी एकमेकांची मशीन सांभाळून. आणि लोडिंगचे 20 सेकंद 12 वर आणून. हे 8 सेकंद कुठून येतात ते जरा मशीनजवळ उभं राहून बघा. जॉब काढल्यावर लोकेटरच्या सीटवर, म्हणजे जॉब टेकतो त्या जागेवर, चिप्स (धातूचा कीस) पडलेल्या असतात. त्या हवेनं उडवायच्या, बोट फिरवून खात्री करायची आणि मग नवा जॉब बसवायचा. घाईत हवेचा फवारा कसातरी मारला जातो, बोट फिरतच नाही. एखादी बारीक चिप खाली राहते, जॉब केसभर तिरका बसतो आणि फेस-आउट जातो, म्हणजे त्याची बाजू वाकडी कापली जाते. मशीन बिचारं बरोबरच कापतं! गेज (माप तपासायचं साधन) दर पाचव्या नगाला लावायचा तो विसाव्या नगाला लागतो, तोवर पंधरा नग गेलेले असतात. तुमच्या नव्या पोरांचं रिजेक्शन बहुधा हेच आहे. नग मोजून पैसे दिले की पहिला बळी साफसफाई आणि तपासणीचा जातो, कारण त्यांना कोणी पैसे देत नाही.

आता त्याच माणसाच्या खिशाकडे बघू. 215 नग काढणाऱ्याला जुन्या टार्गेटवर 35 नगांचे 105 रुपये मिळत होते, महिन्याचे 26 दिवस धरले तर 2,730. टार्गेट 210 झाल्यावर तेवढ्याच घामाचे 15 रुपये, महिन्याला 390. तुमच्या लेखी तुम्ही टार्गेट वाढवलंत. त्याच्या घरी महिन्याला 2,340 रुपये कमी आले. वर त्याला हेही कळलं की जीव तोडून काम केलं की शेठ टार्गेट वाढवतात. मग 185 वर थांबणं हा आळस कसा म्हणायचा? त्यानं हिशोब केलाय, आणि तो बरोबर आहे.

हे दुखणं जुनं आहे. अमेरिकन इंजिनिअर फ्रेडरिक टेलर, ज्याला आपण कामगारांचा वेळ मोजणारा स्टॉपवॉचवाला म्हणून नावं ठेवतो, त्यानं 1895 मध्येच लिहून ठेवलं होतं की मालकानं वारंवार दर कापले की कामगार ठरवून हळू काम करायला शिकतात. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात 1931-32 मध्ये 14 कामगारांचा एक गट एका खोलीत बसवून निरीक्षण केलं गेलं. गटाच्या उत्पादनावर पैसे मिळत होते, तरी त्यांनी आपसात दिवसाचं काम ठरवून घेतलं होतं. त्यापेक्षा जास्त करणाऱ्याला चिडवायचे, दंडावर बुक्की मारायचे. कारण विचारलं तर उत्तर एकच: जास्त काढलं तर दर कापतील. तुमच्याकडे बुक्की मारत नसतील, पण जेवताना कोण कोणाशेजारी बसत नाही ते बघा.

याच्या उलट उदाहरण अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या लिंकन इलेक्ट्रिकचं. वेल्डिंगची यंत्रं बनवणारी ही कंपनी 1914 मध्ये नगावर पैसे द्यायला लागली आणि 1934 मध्ये वार्षिक बोनसही. तिथला नियम असा की एकदा दर ठरला की कामाची पद्धत किंवा यंत्र बदलल्याशिवाय तो बदलायचा नाही, कोणी कितीही कमावो. नग खराब निघाला तर करणाऱ्यानं तो आपल्या वेळात दुरुस्त करून द्यायचा. लोक फक्त नगावारी पैशांचं कौतुक करतात. पण त्यामागे दर न कापण्याचा शब्द होता आणि 1958 मध्ये जुन्या कामगारांना कामावरून न काढण्याची हमीही दिली गेली. या गोष्टी वगळून नुसता दर उचलला तर ते चालेलच असं नाही. खुद्द लिंकनला परदेशात कारखाने घेऊन तिथे आपली पद्धत लावताना मार बसला, 1992 आणि 1993 मध्ये कंपनी तोट्यात गेली.

आता एक गोष्ट, जी तुम्ही लिहिलेली नाही पण असणारच: ओव्हरटाइम. ओटी कायद्यानं दुप्पट दरानं द्यावा लागतो. समजा पगार 18,200 आहे. 26 दिवसांनी भागला तर दिवसाला 700, तासाला साडेसत्याऐंशी. दोन तास ओटीचे 350 रुपये. म्हणजे पाळीत धावाधाव करून 105 रुपये, आणि पाळीत निवांत राहून माल अपुरा ठेवला की संध्याकाळी 350! तुम्ही एका हातानं जोर लावायला सांगता आणि दुसऱ्या हातानं तिप्पट पैसे देऊन थांबवता. शिवाय ओटीला कोणाला बसवायचं हे सुपरवायझर ठरवतो. तेव्हा गेल्या सहा महिन्यांचा ओटीचा कागद काढा आणि कोणाकोणाची नावं पुन्हा पुन्हा येतात ते बघा.

इथून आपण सुपरवायझरकडे येतो. त्यांच्याबद्दल तुम्ही लिहिलंय की माणूस प्रामाणिक आहे, मशीनचं ज्ञान उत्तम, पण आवाज मोठा. आवाजाचं मला फारसं वाटत नाही. आपल्याकडे शॉपवर मोठ्यानं बोलणारे चांगले फोरमन मी पुष्कळ पाहिलेत. शिव्या घालतील आणि रात्री पोराला दवाखान्यात घेऊनही जातील. मला विचारायचंय ते असं: लांब चालणारा, सेटिंग नसलेला जॉब कोणाच्या मशीनवर लागतो? आणि दिवसातून तीन सेटिंग कोणाच्या वाट्याला येतात? सेटिंगमध्ये गेलेला वेळ जर नगांत धरला जात नसेल, तर इन्सेंटिव्ह तुम्ही देत नाही, सुपरवायझर देतो. तो ज्याला चांगला जॉब देईल त्याला पैसे. मग तो कितीही सरळ असला तरी लोक म्हणणार, त्यांच्या गाववाल्याला चांगलं मशीन.

चाकणच्या एका कारखान्यात मला रिजेक्शन बघायला बोलावलं होतं. फिनिश (पृष्ठभागाचा गुळगुळीतपणा) खराब, चॅटरचे (कापताना थरथरल्याचे) डाग, सगळे मशीनला दोष देत होते. बघितलं तर इन्सर्टची डबी सुपरवायझरच्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. नवा इन्सर्ट हवा तर जुना नेऊन दाखवायचा आणि आधी ऐकून घ्यायचं, "परवाच दिला ना? खातोस का?" खर्च वाचावा हा हेतू चांगलाच होता. पण बोलणी खाण्यापेक्षा ऑपरेटर बोथट धारेवर अजून चाळीस नग ओढायचा, ऑफसेट देऊन (प्रोग्राममध्ये टूलची जागा किंचित सरकवून) साइझ सांभाळायचा आणि फिनिशचं देवावर सोडायचा. आम्ही केलं एवढंच की प्रत्येक मशीनजवळ आठवड्याचे इन्सर्ट मोजून ठेवले आणि किती नगांनंतर धार बदलायची ते पाटीवर लिहिलं. इन्सर्टचा खर्च थोडा वाढला, रिजेक्शनचा त्याहून कितीतरी जास्त उतरला. इन्सेंटिव्हची रक्कम तीच होती आणि माणसंही तीच. नेतृत्वाची शैली म्हणतात ती शॉपवर अशी दिसते: एखादी गोष्ट मागायला जाताना माणूस कचरतो की नाही.

तुमच्याकडची शैली तपासायला एक सोपी खूण आहे. पहिल्या पाळीचे आणि रात्रपाळीचे आकडे शेजारी ठेवा, नुसते नग नकोत, रिजेक्शन आणि मशीन थांबल्याच्या नोंदीही घ्या. 1930 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेतल्या आयोवात मानसशास्त्रज्ञ कुर्ट लेविन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या गटांवर एक प्रयोग केला होता. हुकूम सोडणाऱ्या मोठ्या माणसाच्या हाताखाली मुलं काम भरपूर करत, पण तो खोलीबाहेर गेला की काम घसरे. मुलांशी बोलून ठरवणाऱ्या गटात त्याच्या जाण्यानं फारसा फरक पडत नसे. मुलांचा प्रयोग कारखान्याला जसाच्या तसा लावू नये हे मान्य. पण रात्रीचे आकडे दिवसापेक्षा बरेच खाली असतील आणि मशीन-माणसं सारखीच असतील, तर तुमचं उत्पादन सुपरवायझरच्या डोळ्यांवर चाललंय. त्याचे डोळे आठ तासच उघडे असतात.

दंडाबद्दल स्वतंत्र सांगतो, कारण "रिजेक्ट नगामागे 50 रुपये कापायला सुरुवात केली आहे" हे तुमचं वाक्य वाचून मी थांबलो. असं परस्पर कापता येत नाही. 1936 चा जुना वेतन कायदा घ्या की 2019 ची वेतन संहिता, दंडाची एकूण रक्कम त्या महिन्याच्या पगाराच्या 3 टक्क्यांच्या वर जाता कामा नये, कोणत्या चुकीला दंड ते आधी मंजूर करून नोटीस लावावी लागते, माणसाला बाजू मांडू द्यावी लागते, नोंद ठेवावी लागते आणि दंडाचे पैसे कामगारांच्याच हितासाठी वापरावे लागतात. नुकसानभरपाई म्हणून कापायचं तर नुकसान त्याच्याच हलगर्जीपणानं झालं हे त्याला संधी देऊन ठरवावं लागतं. कायदा सोडा, व्यवहार बघा: दंड लागला की रिजेक्ट नग लाल ट्रेमध्ये येणं बंद होतं. तो चांगल्या मालात जातो नाहीतर स्क्रॅपच्या गोणीत तळाला. मग तुम्हाला तो कळतो ग्राहकाच्या डेबिट नोटवरून, म्हणजे त्यानं पैसे कापल्याच्या कागदावरून.

आता काय करायचं. यातलं बरंच तुमच्या परिस्थितीवर आहे, हे आधीच सांगतो. मूळ पगारच शेजाऱ्यांपेक्षा कमी असेल तर आधी तो सुधारा. इन्सेंटिव्हनं ती गळती बुजत नाही. ऑर्डरच अनियमित असतील, आठवड्यातले दोन दिवस माल नसेल, तर नगावर पैसे ठेवूच नका, नाहीतर तुमच्या खरेदी विभागाच्या चुकीचा दंड ऑपरेटर भरतो. आणि जॉब रोज बदलत असतील तर वैयक्तिक मोजणी करताना हिशोबनीसच वेडा होईल.

हे सगळं बरं असेल तर पहिलं काम: टार्गेट परत 180 करा आणि लेखी लावा की मशीन, फिक्श्चर, टूल किंवा प्रोग्राम बदलल्याशिवाय ते बदलणार नाही. बदललं तर नवा सायकल टाइम ऑपरेटरसमोर मोजणार. जड जाईल, माहीत आहे. भाऊ विचारतील, 180 वर 215 काढले तर महिन्याला एवढे पैसे वाटायचे? हो, वाटायचे. त्याच मशीनवर, त्याच विजेत आणि त्याच भाड्यात 35 नग जास्त निघाले, त्यातला तुमचा वाटा नगाला 3 रुपयांपेक्षा बराच मोठा आहे. नसेल तर दर मुळातच चुकलाय. दर आताच, सगळ्यांसमोर नीट करा, पण नंतर चोरपावलानं टार्गेट सरकवू नका.

दुसरं, पैसे फक्त ओके नगांचे, आणि सेटिंगला मिनिटं ठरवून त्यांचे नग धरा. 40 मिनिटांचं सेटिंग म्हणजे या जॉबचे साधारण 20 नग झाले असं मानायचं. एवढ्यानं चांगला जॉब-वाईट जॉब ही निम्मी कुरबुर संपते. सेटिंगच्या नोंदी आज नसतील तर महिनाभर फक्त त्या लिहा, दर नंतर ठरवा.

तिसरं, वैयक्तिक की गटाचा? काचा बदलणारी अमेरिकेतली सेफलाइट ही कंपनी 1990 च्या दशकात तासाच्या पगारावरून नगाच्या पैशांवर आली, तेव्हा माणशी काम 44 टक्के वाढल्याचं अर्थतज्ज्ञ एडवर्ड लाझिअर यांनी दाखवलं. त्यातली साधारण निम्मी वाढ त्याच माणसांनी जास्त काम केल्यानं झाली. बाकीची मुख्यतः भराभर काम करणारे टिकले, तसेच नवे आले, म्हणून. पण गाडीची काच एक माणूस एकटा बसवतो, कोणाची काच गळली ते लगेच कळतं. तुमच्याकडे हेल्पर माल आणतो, दुसरा बर (कडेला राहिलेले धातूचे काटे) काढतो, इन्स्पेक्टर पास करतो. पैसे मात्र एकट्या ऑपरेटरला. मग हेल्पर ट्रॉली सावकाश ढकलणारच, त्यातून तो ठेकेदाराचा असेल तर अधिकच. मुंबईच्या डबेवाल्यांत मुकादमाच्या हाताखालचा गट कमाई सारखी वाटून घेतो, म्हणून एखाद्याची सायकल पंक्चर झाली तर त्याचे डबे दुसरा उचलतो. तुमच्याकडे तीन-चार मशीनचा एक सेल करून सहा-आठ जणांचा गट करा. गट त्याहून मोठा केला की एखादा आरामात लपतो. वाटा सारखा नको. ऑपरेटरला जास्त, हेल्परला कमी, पण सगळ्यांना. इन्स्पेक्टरला मात्र नगांच्या पैशांपासून लांब ठेवा, त्याला वेगळा भत्ता द्या.

दिवाळीचा 8.33 टक्के बोनस या सगळ्यात आणू नका. तो कायद्याचा किमान हक्क आहे. तो कामगिरीसाठी दिला असं तुम्ही म्हणालात तर शॉपवर हसतील.

ओटी ठरवण्याचं काम सुपरवायझरकडून काढून आठवड्याच्या प्लॅनवर न्या, नावं फिरती ठेवा आणि यादी बोर्डवर लावा.

शेवटी तुमचा खरा अडलेला प्रश्न, जो तुम्ही कंसात विचारलाय: सुपरवायझर बदलू का? आत्ता नको. तुम्ही सकाळी शॉपवर आल्यावर त्यांना पहिलं काय विचारता ते आठवा. बहुतेक "काल किती निघाले?" तुम्ही जे विचारता तेच ते खाली ओरडून विचारतात. पुढचे तीन महिने नगांचा आकडा बोर्डवरून वाचा आणि त्यांना वेगळं विचारा: काल मशीन सगळ्यात जास्त कशासाठी थांबलं, नव्या पोराला सेटिंग शिकवलं का, पाळी बदलताना कुठला ऑफसेट सांगितला. त्यांचा स्वतःचा इन्सेंटिव्हही यावर ठेवा, नगांवर नाही. मशीनचं ज्ञान असलेला माणूस यात रमतो, कारण त्याला कोणीतरी त्याच्या कसबाचं विचारतं. काही जण मात्र तरी बदलत नाहीत. तसं झालं तर त्यांना पगार न कापता टूल रूममध्ये किंवा सेटर म्हणून न्या आणि शॉप दुसऱ्याकडे द्या. दिवाळीच्या आधी मात्र यातलं काहीही सुरू करू नका. त्या दिवसांत शॉपवर कुठलाही नवा कागद लागला की लोक तो बोनस कापायचा कागद म्हणूनच वाचतात.